पाऊण व्होल्टाचा गोबर गॅस

मी मोटार रिवाइंडिंगवाला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात छोटं दुकान आहे, जळालेल्या मोटारी येतात, जुनं तांबं उपसायचं, नवीन भरायचं, वार्निश मारून वाळवायचं आणि टेस्ट करून द्यायचं, वीस वर्षं हेच. शेणाचा आणि माझा संबंध म्हणजे लहानपणी शेणी थापणाऱ्या आज्जीच्या मागं मागं फिरायचो तेवढाच. त्यामुळं गेल्या दिवाळीनंतर सात-आठ महिने मी दर रविवारी शेणाच्या बॅरलाशेजारी मल्टिमीटर घेऊन उकिडवा बसणार आहे असं कोण म्हटलं असतं तर मी त्याला एक मिसळ खायला घालून घरी पाठवला असता.

सुरुवात भाचीनं केली. आक्काची थोरली, शिवाजी विद्यापीठात मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी करते. भाऊबीजेला आक्काकडं गेलो होतो. राधानगरी रोडला भोगावतीच्या काठचं गाव, दाजींच्या चार म्हशी, थोडा ऊस, आणि परड्यात खादी ग्रामोद्योगच्या डिझाइनचा जुना तरंगत्या टाकीचा गोबर गॅस. आक्का चहा ठेवत होती आणि ज्योत बर्नरवरनं उचलल्यासारखी होऊन सारखी विझत होती. दाजी म्हणाले, "थंडी पडली की हे मढं असंच करतंय बघा पाव्हणं." तर पोरगी म्हणाली, "मामा, ह्यात थोडी वीज सोडली तर गॅस सुधारतो. तू करंटमधला माणूस ना, करून दे मला, माझा प्रोजेक्ट पण होईल." दाजी हसले, मी पण हसलो, आणि तिथंच फसलो, कारण हसल्यावर पोरगी दोन तास उठू देत नाही.

आधी तिनं मला टाकीच्या आतलं समजावलं. पुस्तकी भाषेत मला काही कळेना म्हणून शेवटी आम्ही ते गुऱ्हाळावर आणलं. गुऱ्हाळात कसं, एकजण चरकात ऊस घालतो, एकजण चुलीला चिपाडं लावतो, एकजण मळी काढतो आणि शेवटी गुळव्या. टाकीत पण तशा चार टोळ्या असतात. पहिली टोळी शेणातलं चिवट आहे ते तोडते, दुसरी त्याची आम्लं करते, तिसरी त्या आम्लांपासनं व्हिनेगरमधलं ते अ‍ॅसिटिक आम्ल, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड करून ठेवते आणि चौथी, म्हणजे आपला गुळव्या, त्यातनं मिथेन काढते. ही चौथी टोळी बॅक्टेरिया पण नव्हे म्हणे, आर्किया म्हणून वेगळीच जुनी जात, हवा लागली की संपली, थंडी पडली की झोपली, आणि वाढायला दिवसच्या दिवस घेते. आम्लवाली टोळी मात्र काही तासांत दुप्पट. म्हणजे चुलीवरचा माणूस उत्साही आणि गुळव्या आळशी, मग काहील उतू जाणारच. टाकी आंबते ती अशी.

आता विजेचं. गोबर गॅसमध्ये जळणारा मिथेन साधारण ५५ ते ६० टक्के, बाकी जवळजवळ सगळा कार्बन डायऑक्साइड. हा शेगडीपर्यंत येतो, जळत नाही, उलट ज्योत थंड करतो, लग्नात काम काडीचं नाही पण पंगतीला पहिला बसणारा पाव्हणा असतो तसा. पण ह्याच पाव्हण्याला आठ इलेक्ट्रॉन आणि आठ प्रोटॉन दिले की त्याचा पण मिथेन होतो, आणि काही आर्किया हे इलेक्ट्रॉन सरळ कॅथोडवरनं, म्हणजे विजेच्या वजा टोकावरनं, उचलतात. अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठातल्या ब्रूस लोगन यांच्या गटानं २००९ मध्ये हे दाखवून दिलं. आणि मला खरी गंमत वाटली ती व्होल्टेजची. नुसतं पाणी फोडायचं तर निदान १.२३ व्होल्ट, प्रत्यक्षात पावणेदोन-दोन लागतात. इथं अ‍ॅनोडवर (अधिक टोकावर) बसलेले जंतू शेणातली आम्लं खाऊन इलेक्ट्रॉन आपणहून सोडत असतात, त्यामुळं बाहेरनं अर्धा ते एक व्होल्टचा धक्का दिला तरी पुरतं. गाडी उतारावरच आहे, नुसती ढकलायची.

मग माझ्या डोक्यात चक्र सुरू. दुकानाच्या पत्र्यावर सोलर आहे, दुपारी वीज उतू जाते, संध्याकाळी शून्य. बॅटरी घ्यायची तर तिचा खर्च, आणि चार-सहा वर्षांनी परत खर्च. दुपारचं ऊन शेणात घालून गॅस करून ठेवता आला तर? गॅसला काय, फुग्यात भरून ठेवा, रात्री जाळा, पावसाळ्यात जाळा. मी त्या रात्री झोपलोच नाही नीट, खरंच.

५० लिटरचे दोन निळे बॅरल आणले, प्रत्येकात ४० लिटर स्लरी, म्हणजे शेणपाण्याचा काला, दाजींच्या चालू टाकीतलीच, म्हणजे विरजण आपोआप आलं. रोज अर्धा किलो शेण आणि अर्धा लिटर पाणी. एक बॅरल साधा, दुसऱ्यात इलेक्ट्रोड. गॅस मोजायला पाण्याच्या ड्रमात उपडा घातलेला २० लिटरचा जार, बुड कापून नव्हे, आहे तसा, त्याच्यावर मार्करनं रेघा. ग्रॅफाइटची चिंता कोल्हापुरात करायचीच नाही, डाय बनवणाऱ्यांकडं स्पार्क मशीनचे वापरून झालेले ग्रॅफाइटचे तुकडे किलोवर मिळतात, मी शिरोलीतनं पिशवी भरून आणले. कॅथोडला स्टेनलेस स्टीलची जाळी आणि त्याच्यावर कार्बन फेल्ट, म्हणजे कार्बनच्या धाग्यांचं घोंगडीसारखं कापड, ते ऑनलाईन मागवलं. बॅरल उकिरड्यात कमरेएवढे पुरले, ऊब मिळावी म्हणून, ही आयडिया आक्काची, आणि सगळ्या प्रोजेक्टमधली सगळ्यात स्वस्त आणि भरवशाची.

आणि मग मी माती खाल्ली. सोलर पॅनल १२ व्होल्टचं, मी म्हटलं बघू तरी काय होतं, आणि डायरेक्ट जोडलं. काय होणार, दोन मिनिटांत दोन्ही इलेक्ट्रोडवर बुडबुडे उकळी आल्यासारखे, मला वाटलं जिंकलो, मी आक्काला हाक मारली की गॅस बघ कसला येतोय. दुसऱ्या दिवशी भाची आली, एक नजर टाकली आणि आधी वायर काढली. तो मिथेन नव्हता, पाणी फुटत होतं, एका बाजूला हायड्रोजन आणि दुसऱ्या बाजूला ऑक्सिजन, आणि दोन्ही एकाच बॅरलाच्या टोपीखाली जमत होते. दाजी त्याच परड्यात बिडी ओढतात. "मामा, आर्किया तर मेल्याच, पण तू पण गेला असतास." बॅरल उघड्यावर नेऊन व्हॉल्व्ह सोडला, दाजींची बिडी त्या दिवसापास्नं गोठ्याच्या पलीकडं गेली, ती अजून पलीकडंच आहे. ग्रॅफाइटचा अ‍ॅनोड पण भुरभुरायला लागला होता, हात लावला की काळा चुरा.

०.८ व्होल्ट द्यायचे ठरले. आता बाजारात मिळणारी ती व्होल्टेज उतरवणारी स्वस्तातली कन्व्हर्टरची पट्टी १.२५ च्या खाली येतच नाही, स्क्रू कितीही फिरवा. मग १.५ वर सेट करून पुढं एक ४००७ डायोड सिरीजमध्ये टाकला, तो ०.७ खातो, उरले ०.८. रिवाइंडिंगवाल्याची इंजिनिअरिंग. करंट मोजायला १ ओमचा रेझिस्टर मध्ये टाकला आणि त्याच्यावरचे मिलीव्होल्ट वाचायचे, जेवढे मिलीव्होल्ट तेवढेच मिलीअँपिअर, डोक्याला ताप नाही.

स्लरी बदलून परत सुरू केलं. पहिले दहा दिवस २-३ मिलीअँपिअर, हळूहळू चढायला लागला, मी खूश, आणि अचानक एका रविवारी बघतो तर जवळजवळ शून्य, आणि ह्या बॅरलाचा गॅस साध्या बॅरलापेक्षा पण कमी. सगळं बाहेर काढलं. ग्रॅफाइटला वायर पकडायला मी तांब्याचा क्लॅम्प लावला होता, कारण माझ्या हाताला तांब्याशिवाय दुसरं काही सुचतच नाही, आणि तो क्लॅम्प स्लरीत बुडत होता. अ‍ॅनोडच्या बाजूला असल्यानं तो विरघळायला लागलेला, वर गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्याचा वास येतो तो, त्यानं उरलेलं तांबं काळं ठिक्कर केलेलं. बोटात धरला तर कुरकुरीत चकली मोडल्यासारखा मोडला. आणि विरघळलेलं तांबं जंतूंना विष. आपण पाण्याला तांब्याचा तांब्या वापरतो तो काय उगाच नव्हे, हे भाचीनं सुनावलं. तेव्हापासनं नियम केला, स्लरीत फक्त ग्रॅफाइट आणि स्टेनलेस, तांब्याचा जोड बॅरलाच्या बाहेर, वर, कोरड्यात.

तिसऱ्यांदा सुरू केलं ते डिसेंबर संपता संपता. ह्या वेळी चाललं. जानेवारीच्या शेवटाला करंट २०-२५ मिलीअँपिअरवर येऊन बसला. संध्याकाळी ऊन गेलं की बंद, सकाळी आठला परत चालू, आणि मला भीती होती की रोज असं चालू-बंद केल्यावर इलेक्ट्रोडवरची ती जंतूंची साय मरेल, पण तसं काही झालं नाही, सकाळी थोड्या वेळात करंट कालच्या जागेवर यायचा. अ‍ॅनोड एकदा वर काढून बघितला, काळ्या ग्रॅफाइटवर बुळबुळीत तपकिरी थर, नखानं खरवडला तर शेवाळासारखा निघतो. तो थर म्हणजे आपली लेबर.

गॅस तपासायची भाचीची पद्धत मला फार आवडली, घरात कोणीही करू शकेल. ६० मिलीची मोठी सिरिंज घ्यायची, त्यात ५० मिली गॅस ओढायचा, मग थोडं कॉस्टिक सोड्याचं पाणी ओढून तोंड बंद करून खळखळ हलवायचं. कार्बन डायऑक्साइड त्या पाण्यात विरतो आणि दट्ट्या आपणहून आत सरकतो. उरला तो बहुतेक मिथेन. पहिल्यांदा तो दट्ट्या कोणी न ढकलता आत जाताना बघितला तेव्हा आक्का म्हणाली, "बाई, ह्याच्यात भूत हाय." हातमोजे मात्र घालायचे, कॉस्टिक कातडी सोडत नाही.

फेब्रुवारीत आकडे असे, साधा बॅरल रोज ९-१० लिटर, विजेचा ११-१२. मिथेन पण विजेच्यात दोन-तीन टक्के जास्त. मी आख्ख्या उद्यमनगराला सांगत सुटलो. शेजारच्या लेथवाल्याला सांगितलं, चहावाल्याला सांगितलं, एका गिऱ्हाइकाला मोटार नेताना अर्धा तास उभा करून सांगितलं. आणि भाची काय म्हणाली असेल? "मामा, तिसरा बॅरल कुठाय?" म्हटलं कसला तिसरा? तर म्हणे ग्रॅफाइट, फेल्ट, जाळी सगळं घातलेला पण वायर न जोडलेला. कारण आत्ता तुला हे कुठं माहिताय की गॅस विजेनं वाढला का नुसत्या ग्रॅफाइटनं?

मला जाम राग आला होता, खरं सांगतो. दोन महिने शेणात घालवून आता ही पोरगी म्हणते अजून दोन महिने. पण बॅरल आणला.

तो तिसरा बॅरल रांगेला लागेपर्यंत गुढीपाडवा आला, ऊन वाढलं, सगळ्यांचाच गॅस वाढला. साधा १४ लिटरच्या आसपास, वायर नसलेला ग्रॅफाइटवाला १६, विजेचा सोळा-साडेसोळा. मिथेन ग्रॅफाइटवाल्या दोघांचा सारखाच म्हणायचा, सिरिंजच्या मापात एक-दोन टक्क्यांची चूक कुठं जात नाही. म्हणजे मी जो नाचत होतो तो दगडांवर. वीज नुसती बघ्याच्या भूमिकेत.

का, तर म्हणे ग्रॅफाइटवर जंतूंना बसायला जागा मिळते ही एक गोष्ट, आणि दुसरी म्हणजे ते वीजवाहक आहे, त्यामुळं आम्ल खाणारी टोळी आपले इलेक्ट्रॉन ग्रॅफाइटमधनं सरळ मिथेनवाल्या टोळीला देऊ शकते, हायड्रोजन करून पाठवायची भानगडच नाही. म्हणजे वायरिंग माझी नव्हे, त्यांचीच, बॅरलाच्या आतल्या आत.

ह्यानंतर मी जे आधीच करायला पाहिजे होतं ते केलं, कागद-पेन घेऊन हिशोब. आणि हा हिशोब मोटारवाल्याला जमत नाही असं नाही, करंट गुणिले तास, म्हणजे अँपिअर-तासच आहेत. मिथेनच्या एका रेणूला आठ इलेक्ट्रॉन. त्यावरनं काढलं की एक लिटर मिथेनला साधारण पावणेनऊ अँपिअर-तास लागतात, ह्यात कोणाची हुशारी चालत नाही, हा फॅराडे नावाच्या शास्त्रज्ञाचा नियम आहे. आमचा करंट २५ मिलीअँपिअर. चोवीस तास दिला तरी ०.६ अँपिअर-तास, म्हणजे जास्तीत जास्त ७० मिली मिथेन. सत्तर मिली! चहाचा कटिंग ग्लास. आणि आम्ही तर नुसतं उन्हात नऊ तास देत होतो, म्हणजे पंचवीस-सव्वीस मिली. १६ लिटरच्या गॅसात हे माझ्या जारावरच्या मार्करच्या रेघेत पण दिसणार नाही, रेघच त्यापेक्षा जाड आहे.

वीज किती साठवली ते पण काढलं. ०.८ गुणिले ०.०२५, २० मिलीवॅट. नऊ तासांचे ०.१८ वॅट-तास. हल्लीच्या मोबाईलच्या बॅटरीत १९ वॅट-तासाच्या आसपास असतात, म्हणजे एकदा मोबाईल चार्ज करायला लागते तेवढी वीज ह्या बॅरलात घालायला मला शंभरावर दिवस. भाचीला हे दाखवलं तर ती म्हणाली, "मला माहीत होतं, पण तू स्वतः काढल्याशिवाय तुला पटलं नसतं." दुखलं, पण बरोबर होतं.

पण मग मला उलटं सुचलं. छोट्यात दिसत नाही ठीक आहे, मोठं करायचं तर काय लागेल? समजा रोज दुपारी एक युनिट वीज ह्या पद्धतीनं शेणात घालायची आहे, फक्त एक युनिट. ०.८ व्होल्टला एक युनिट म्हणजे १२५० अँपिअर-तास. त्यातनं मिथेन येईल १४३ लिटर आणि त्या मिथेनमधली उष्णता निघते १.३ युनिट, म्हणजे घातली त्यापेक्षा जास्त, कारण राहिलेली शक्ती शेणातल्या आम्लांची. हे वाचायला भारी वाटतं आणि सगळीकडं हेच लिहितात. आता नऊ तासांत १२५० अँपिअर-तास म्हणजे जवळजवळ १३९ अँपिअर. सव्वाशेच्या वर अँपिअर, पाऊण व्होल्टाला. वायरमन मंडळींनो, तुम्हाला इथंच घाम फुटला असेल. २३० व्होल्टच्या लाईनीत केबलमध्ये दोन व्होल्ट पडले तर कोण विचारत नाही, इथं तुमच्याकडं आहेतच ०.८, त्यातले ०.२ केबलमध्ये आणि जोडांमध्ये गेले की खेळ खलास. मनगटाएवढ्या बसबार, म्हणजे तांब्याच्या जाड पट्ट्या, लागतील. बरं, बॅटऱ्या करतो तसे इलेक्ट्रोड सिरीजमध्ये जोडून व्होल्टेज वाढवू म्हटलं तर सगळे एकाच स्लरीत बुडालेत, करंट स्लरीतनंच शॉर्टकट मारणार, प्रत्येक जोडीला वेगळी टाकी पाहिजे.

आणि जागा. आमच्या अ‍ॅनोडचं क्षेत्रफळ होतं साधारण २५० चौरस सेंटिमीटर, त्यावर २५ मिलीअँपिअर, म्हणजे चौरस मीटरला एक अँपिअर. १३९ अँपिअरला १३९ चौरस मीटर, दीड हजार स्क्वेअर फूट. राजारामपुरीत दोन फ्लॅट होतात तेवढ्यात. फेल्टच्या घड्या घालून, नाहीतर इलेक्ट्रोड ब्रशासारखा करून ते दाटीनं बसवता येतं, लोक त्याच्यावरच काम करतायत, पण शेणाच्या स्लरीत फेल्टची भोकं किती दिवस उघडी राहतात ते मी बघितलंय, महिन्यात लिंपल्यासारखं होतं.

आता कोण म्हणेल मग गुंडाळा. पण मध्ये एक गोष्ट झाली. एप्रिलमध्ये आक्काच्या डब्यातली काकवी फसफसली होती, टाकून द्यायची म्हणून दाजींनी ती बॅरलात ओतली. आणि दाजी न्यायी माणूस, तिन्ही बॅरलात एक एक तांब्या, सारखीच. मी फोनवर ऐकलं आणि कपाळावर हात मारला. काकवी म्हणजे साखरेचा पाकच, आम्लवाल्या टोळीला जत्रेचं जेवण. तीन दिवसांत तिन्ही बॅरल आंबले, आंबटपणा मोजायची पीएचची पट्टी सातच्या आसपास असायची ती सहाच्या खाली (आकडा जेवढा कमी तेवढं आंबट), वास असा की म्हशी तोंड फिरवायला लागल्या, जारात गॅस येत होता पण काडी लावली तर जळेना, सगळा कार्बन डायऑक्साइड.

भाची मात्र खूश! म्हणे हे मला मुद्दाम करायला सरांनी परवानगी दिली नसती. आम्ही सगळ्यांचं शेण बंद केलं आणि नुसतं बघत बसलो, रोज पट्टी बुडवायची आणि काडी लावायची. विजेचा बॅरल आठव्या-नवव्या दिवशी जळायला लागला. ग्रॅफाइटवाला बारा-तेरा दिवसांनी. साधा तसाच आंबट, शेवटी त्याच्यात चुन्याची निवळी घातली तेव्हा तीन आठवड्यांनी माणसात आला. आणि त्या आठ-नऊ दिवसांत विजेच्या बॅरलाचा करंट पण वाढलेला होता, ४० च्या वर गेलेला, कारण अ‍ॅनोडवरच्या जंतूंना खायला आम्लंच आम्लं. म्हणजे गॅस करायला वीज काही कामाची नव्हती पण तुंबलेलं आम्ल उपसायला थोडी होती. का अ‍ॅनोडवरच्या त्या थराला नुसती सवय होती म्हणून तो आधी उठला, हे मला एकदा बघून सांगता येणार नाही, एकदाच केलंय, छाती ठोकून बोलत नाही. ४० मिलीअँपिअरनं एवढं आम्ल संपत नाही हे पण मला कळतं, हिशोब तोच आहे.

ऊन गॅसात साठवायचं जे माझं स्वप्न होतं त्याचा दुसरा रस्ता पण मी वाचून काढला, कारण डोक्यातनं जाईना. इलेक्ट्रोड टाकीत घालायचेच नाहीत. बाहेर वेगळ्या यंत्रात पूर्ण व्होल्टेजनं पाणी फोडायचं आणि तो हायड्रोजन आर्कियाला खायला घालायचा, चार माप हायड्रोजन, एक माप कार्बन डायऑक्साइड, एक माप मिथेन. डेन्मार्कात कोपनहेगनजवळ आवेडोरला सांडपाण्याच्या प्रकल्पाशेजारी २०१६ मध्ये १ मेगावॅटचं असं युनिट उभं केलं होतं, आर्कियाचीच एक उष्णताप्रेमी जात वापरून. तिथं अडचण वेगळी, हायड्रोजन पाण्यात विरघळायलाच मागत नाही, तो बारीक बुडबुड्यांनी घुसळत राहावा लागतो. आणि चार रेणू हायड्रोजनमधली १७ टक्के शक्ती मिथेन होताना उष्णता म्हणून जातेच, त्याच्या आधी पाणी फोडताना गेलेली वेगळी, आणि शेवटी त्या गॅसवर जनरेटर चालवून परत वीज केली तर शंभरातले वीस हातात आले तरी पुष्कळ. बॅटरी ऐंशीच्या वर देते. रात्रीच्या चार दिव्यांसाठी बॅटरीच बरी, ह्यात वाद नाही. पण बॅटरीत मार्चचं ऊन जुलैत नेता येत नाही, आणि आपल्याकडं जुलैत आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही हे पंचगंगेचं पाणी बघणाऱ्याला सांगायला नको. गॅस जातो, बाटलीत भरला तर. साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत स्पेंट वॉशवर, म्हणजे दारू गाळून उरलेल्या पाण्यावर, मोठमोठे डायजेस्टर, म्हणजे गॅसच्या टाक्या, आधीच आहेत, कार्बन डायऑक्साइडची तिथं कमी नाही, त्यामुळं असलं काही झालंच तर अशाच ठिकाणी व्हावं, दाजींच्या परड्यात नव्हे. घरगुती हिशोब बघा, एका १४.२ किलोच्या सिलिंडरची बरोबरी करायला ३० ते ३३ घनमीटर गोबर गॅस लागतो, बिनदाबाचा ठेवायचा तर एक मोठी खोली भरून.

भाचीचा प्रोजेक्ट जमा झाला. तिनं त्यात तीन बॅरलांचा आलेख टाकलाय आणि बारा व्होल्टचा प्रसंग पण "सुरुवातीची अडचण" म्हणून एका ओळीत टाकलाय, कोणी केली ते लिहिलं नाही, पोरीचे उपकार.

दाजींना मी सगळं सांगितलं, फॅराडे सोडून. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजी पाव्हणं, तुमच्या लायटीनं काय हुईत न्हाई, दगडानं हुतंय."

मी म्हटलं, "दाजी, आंबल्यावर उठायला लाईट उपयोगी पडते असं दिसतंय."

"मग आंबू कशाला द्यायचं? काकवी मी आता म्हशीस्नी घालतो."

ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. गेल्या रविवारी मोठ्या टाकीत ग्रॅफाइट सोडायचं ठरलं होतं, दाजींनी कांद्याच्या जाळीच्या पिशव्या पण जमवून ठेवल्यात, प्रत्येकीत चार-पाच किलो, टाकीच्या कडेनं दोरीनं सोडायच्या, ढवळताना अडकू नयेत म्हणून. पण पाऊस लागला आणि परड्यात घोट्याएवढा चिखल, राहिलं. त्यातल्या एका पिशवीत मी एक ग्रॅफाइटचा लांब दांडा ठेवलाय, टाकीच्या बाहेर वीतभर वर येईल एवढा. दाजींनी विचारलं हा कशाला. म्हटलं, दोरी बांधायला.